पाटीवरची नावं

चांदूर बाजारच्या स्टँडमागे टिनाच्या शेडमध्ये तो पुतळे घडवायचा. शाळा सुटल्यावर अमरावतीच्या बसची वाट पाहताना मी त्याला रोज बघायचो. नाक, मिशा तो आधी करायचा. वर केलेलं बोट मात्र सगळ्यात शेवटी, कारण बोट किती वर हवं यावर पुतळा बसवणाऱ्या कमिटीचं कधी एकमत होत नसे.

मी इंग्रजीचा मास्तर, म्हणजे कुणी विचारलं नाही तरी शिकवणारा. एकदा त्याला म्हटलं, "डोनाटेलो नावाचा इटलीचा जुना मूर्तिकार. त्याचं नाव इंग्रजी डिक्शनरीत आहे. त्यानं केलेल्या मूर्तीलाही इंग्रजीत 'एक डोनाटेलो' म्हणतात."

त्यानं ओल्या फडक्यानं पुतळ्याचा कान पुसला.

"म्हंजे बनवणाऱ्याचं नाव मूर्तीले?"

"हो."

"अन् फीत कापणाऱ्याचं?"

"ते कुणालाच ठाऊक नाही."

कोपऱ्यात ग्रॅनाइटची पाटी टेकवलेली होती. पुतळा अर्धवट होता, पाटी तयार होती. तिच्यावर प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, कमिटीचे अकरा सदस्य आणि मंडपवाला.

"पाहा बरं सर, याच्यात मले कुठं जागा हाय," तो म्हणाला आणि पुन्हा कानाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर डोनाटेलो लिहिलं. अर्थ सांगितला, वाक्यात उपयोग करून दाखवला. एका मुलीनं विचारलं, "सर, मंग आपल्या चौकात बसनार त्या नव्या पुतळ्याले काय म्हनाचं?"

दोन वर्षं रोज बघूनही मी त्याचं नाव विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं, हा प्रश्न परीक्षेला येत नाही.