अक्कांची गच्ची आणि माझं हवेचं यंत्र

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी माझे आकडे अचानक वेड्यासारखे वागायला लागले. विषय होता गाड्यांचा धूर आणि शहरातली हवा. जळगावातल्या एका गजबजलेल्या चौकात, दुमजली घराच्या गच्चीवर मी हवेतले बारीक कण मोजणारं यंत्र बसवलं होतं. आकाराने पिठाच्या डब्याएवढं. घर एका अक्कांचं. मूळच्या धरणगावकडच्या, एकट्याच राहायच्या. मी धुळ्याला राहायचे आणि दर शनिवारी एसटीने जाऊन आठवड्याच्या नोंदी उतरवून आणायचे.

हिवाळ्यात चौकातला रस्ता खोदायला घेतला. रिक्षा, मोटारसायकली, ट्रक, सगळे एकाच बाजूने मुंगीच्या चालीने सरकायचे. गच्चीवर उभं राहिलं तरी घशात धूर बसायचा. आणि यंत्र म्हणत होतं, हवा पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे.

माझ्या मार्गदर्शक सरांनी आलेख दोनदा पाहिला. "रस्ता उकरलाय, वाहतूक तुंबलीय, आणि कण कमी? यंत्र बिघडलं असेल तर आधीच्या आकड्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?" ते रागावले नव्हते, म्हणून मला जास्तच भीती वाटली. दोन वर्षांचं काम होतं ते.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी न कळवताच जळगावची गाडी धरली. गच्चीवर गेले तर यंत्र एका जुन्या नऊवारीत चांगलं चार पदरी गुंडाळलेलं, वरून सुतळी.

अक्का मागोमाग जिना चढून आल्या. "आज कशी वं? आज शनवार नही ना."

"अक्का, हे कोणी गुंडाळलं?"

"मीच. खाले एवढी धूय उडस, बठ्ठी मशीनमा जास. खराब व्हई जाई ना माय. तू येस तव्हय सोडी ठेवस."

धूळ मोजायचं यंत्र त्यांनी धुळीपासून जपलं होतं. मी पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसले. "कधीपासून?"

"रस्ता खोदाले लागनात तव्हयपाईन. त्याना आधी हातबी नही लाया." मग माझा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरला. "तुना अभ्यास बिघडना का?"

"नाही," मी म्हणाले. खरं तर मलाच माहीत नव्हतं.

अक्कांचा शब्द मला पुरला असता, प्रबंधाला पुरणार नव्हता. तेव्हा आठवलं, यंत्र स्वतःच्या आतलं तापमानही नोंदवतं. खाली पलंगावर बसून लॅपटॉप उघडला. रस्त्याचं काम सुरू झालं त्या आठवड्यापासून नऊवारीच्या उबेने तापमान एकदम चढलेलं, दिवसा आणि रात्रीही. फक्त शनिवारी सकाळी, मी पोचायच्या तासभर आधी, ते खाली यायचं. त्याआधीच्या दोन वर्षांत असं काहीच नव्हतं.

लगेच सरांना फोन लावून नऊवारी आणि तापमान, दोन्ही सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आधीचं सगळं शाबूत आहे. हे पाच आठवडे वगळा, आणि का वगळले ते जसंच्या तसं लिहा."

तेवढ्यात अक्कांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं हे त्यांनी न विचारताच ओळखलं होतं. जेवता जेवता मी त्यांना समजावलं की धूळ आत जाणं हेच त्या यंत्राचं काम.

"मंग मी त्यानं तोंडच बांधी ठेवं व्हतं," त्या म्हणाल्या, आणि आधी त्याच हसल्या. मग मीही हसले, ठसका लागेपर्यंत.

परतीच्या गाडीत पारोळा कधी गेलं कळलंच नाही. कित्येक दिवसांनी मी इतकी गाढ झोपले होते.

पुढे तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी त्या रिकाम्या पाच आठवड्यांवर बोट ठेवलं. मी घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं. पुढचा प्रश्न ट्रकच्या धुरावर होता, आणि त्याचं उत्तर मला येत होतं.