कानस मारलेला बुश

दुसऱ्या मार्गावर, दगडांच्या शेवटच्या ओळीत, ट्रकच्या पोटात ‘टक्’ असा आवाज झाला. सभागृहात दीडशे माणसं होती. आवाज ऐकला एकट्या वेंडेल साकायने. ट्रक थांबला नाही. सहाही चाकं दगडांवरून उतरली, शेवटच्या दोन झेंड्यांमधून पार झाली, आणि पंच एतेल्काबाईंनी फळ्यावर खडूने आकडा लिहिला: ब्याण्णव. पहिल्या मार्गाचे पंचाण्णव होतेच. वेंडेल सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या मागे चार गुणांवर कोर्नेल ऑर्मोश.

“वेंडेलकाका, ट्रक आहे की बकरी?” कोर्नेल जवळ येऊन म्हणाला. “आमची गाडी त्या दगडावर आडवी झाली, तुमची नुसती चढत सुटली.”

वेंडेल हसला नाही. त्याच्या कानात अजून ‘टक्’ होतं.

ट्रक प्लास्टिकच्या विटांचा. मुलं ज्यांची घरं बांधतात त्याच विटा, त्याच खुंट्या आणि दांड्या, तीच दातेरी चाकं. लांबी हातभर. पण आत दोन गतींचा खरा गिअरबॉक्स होता, प्रत्येक अ‍ॅक्सलमध्ये खरं डिफरन्शियल होतं, आणि वळण घेताना पुढची चाकं खऱ्यासारखी वळत. ग्योरच्या सांस्कृतिक भवनात दर मार्चमध्ये असे वीस-बावीस ट्रक वाळू, दगड आणि चढ अशा तीन मार्गांवर चालवतात. नियम फार नाहीत. डिंक नाही, कापाकापी नाही, कानस नाही. तुकडा खोक्यातून जसा निघाला तसाच लागला पाहिजे. आणि शेवटी, जिंकलेला ट्रक दुसऱ्या नंबरच्या माणसाने सगळ्यांसमोर टेबलावर उघडायचा, शेवटच्या दांडीपर्यंत. त्याने ‘चोख’ म्हटलं की मगच जिंकणं पक्कं.

जिंकलेला ट्रक वर्षभर शहराच्या यंत्रभवनात काचेत राहतो. यंदा ती काचपेटी ठेवली होती खऱ्या सहा चाकी ट्रकच्या शेजारी, आणि वेंडेलने त्याच ट्रकचं मॉडेल बांधलं होतं. त्या ट्रकचे मागचे अ‍ॅक्सल त्याने चौतीस वर्षं जोडले. प्रत्येक अ‍ॅक्सलवर नंबर ठोकलेला असे. जोडणाऱ्याचं नाव कुठेच नसे. काचेखालच्या पाटीवर मात्र नाव असतं. सत्तराव्या वर्षी वेंडेलला ती पाटी हवी होती. बायकोला, पिरोश्काला, त्याने हे बोलून दाखवलं नव्हतं, पण तिला ते माहीत होतं.

जेवणाची सुट्टी झाली. पिरोश्काने टोपलीतून चीजचे पोगाचा, म्हणजे छोटे खारे पाव, काढले आणि ताटलीत मांडले.

“खा. सकाळपासून नुसत्या कॉफीवर आहेस.”

“काड्यापेटी कुठे आहे?”

“तुझ्या कोटात. आता काय झालं?”

काड्यापेटीत एक बुश होता. बुश म्हणजे नखाएवढी राखाडी चकती. ती दांडीवर बसते आणि दातेरी चाकाला जागेवर धरते. डिसेंबरात गिअरबॉक्समधलं एक चाक चौकटीच्या भिंतीला घासत होतं. किती जागा हवी ते बघायला वेंडेलने एका बुशवर बारीक कानस मारली. अर्धा मिलिमीटर. फिटर असंच बघतो. हाताला सवय, कानस खणातच. चाक सुटलं, मोकळं फिरलं. मग फेब्रुवारीपर्यंत डोकं खाजवून त्याने खरा उपाय शोधला. भिंतच अर्ध्या भोकाच्या अंतराने सरकवली, म्हणजे पूर्ण मापाचा बुश बसेल. गिअरबॉक्स नव्याने जोडला, पूर्ण बुश आत घातला आणि कानस मारलेला काड्यापेटीत टाकला.

निदान त्याला तसं वाटत होतं.

त्याने पेटीतला बुश अंगठा आणि तर्जनीत धरला. धरताक्षणी कळलं. तरी खिशातून व्हर्नियर काढून मोजलं. पूर्ण माप. कडा कारखान्यातून आली तशी, गोल.

“काय रे?” पिरोश्का म्हणाली.

“हा चांगला आहे.”

“मग बरंच की.”

“चांगला इथे आहे, पिरोश्का. म्हणजे दुसरा आत आहे.”

तिने ताटली खाली ठेवली. तिलाही आठवलं. फेब्रुवारीत मेणकापडावर दोन बुश शेजारी शेजारी पडले होते, आणि तिने सूप गार होतंय म्हणून दोनदा हाक मारली होती. वेंडेल उठला, जेवला, परत येऊन बसला आणि हाताला लागला तो बुश आत बसवला.

“कुणाला दिसेल?” तिने हळूच विचारलं.

खरं उत्तर त्याला माहीत होतं. कुणालाच नाही. कानस मारल्यावर त्याने ती कडा आधी बारीक पॉलिश कागदावर आणि मग चामड्यावर फिरवली होती. काम तसं करायचीच सवय. कोर्नेलने भिंग लावलं असतं तरी त्याला ओरखडा दिसला नसता. मोजूनच कळलं असतं, आणि टेबलावर कुणी मोजत नाही.

“कुणाला नाही,” तो म्हणाला.

पिरोश्काने ताटली बाजूला सारली.

१९८६ साली कारखान्यात एक बाद शिम, म्हणजे फटीत घालायची पातळ चकती, त्याच्या बाकावरून परत चांगल्या शिममध्ये मिसळली होती. शॉपचा नियम होता की बाद तुकडा बाकावरच मोडायचा, मगच पेटीत टाकायचा. वेंडेल त्या दिवशी घाईत होता, त्याने मोडला नाही. अ‍ॅक्सल तपासणीतून पास झाला आणि नंबर पडला, ४४१७. चार महिन्यांनी तो अ‍ॅक्सल परत आला, दात तुटलेले. कुणी काही विचारलं नाही, कागद वरच्या वर फिरले. तो नंबर वेंडेलला आजही पाठ आहे. स्वतःच्या लग्नाची तारीख त्याला पिरोश्काला विचारावी लागते.

तो उठला आणि पंचांच्या टेबलाशी गेला. एतेल्का हालास शाळेत पदार्थविज्ञान शिकवायच्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी खडू हातातून सुटला नव्हता.

“बाई, माझ्या गिअरबॉक्समध्ये कानस मारलेला बुश आहे.”

एतेल्काबाईंनी चष्मा वर केला. “कुणी सांगितलं?”

“मीच सांगतोय.”

“मुद्दाम घातलात?”

“नाही. चुकून गेला. पण मारली मीच.”

“साकाय, तुम्ही पहिले आहात.”

“फळा मला दिसतो, बाई.”

त्यांनी नियमांचं चोपडं उघडलं. उघडायची गरज नव्हती, लिहिलं त्यांनीच होतं. “त्या तुकड्यावर मिळवलेले गुण रद्द. दोन वाजता घंटा होईल. तोवर यंत्र चोख होऊन रेषेवर असेल तर तिसरा मार्ग चालवा. नसेल तर नावापुढे ‘बाद’ लिहावं लागेल. हात फक्त तुमचे. बाकी कुणी तुकड्याला बोट लावायचं नाही.”

“किती वाजले?”

“एक पंचवीस.”

घरी, रेडिओ लावून, निवांत, तो गिअरबॉक्स काढून परत बसवायला सव्वा तास लागायचा. वेंडेलने मनात हिशेब केला आणि सोडून दिला. हिशेबात पण वेळ जातो.

फळ्यावरचे पंचाण्णव आणि ब्याण्णव पुसले गेले तेव्हा त्याची पाठ तिकडे होती. सभागृह एकदम शांत झालं, त्यावरून त्याला कळलं.

पिरोश्काने पोगाचा रुमालात गुंडाळले आणि रिकामी ताटली पुढे केली. “बोट लावायचं नाही म्हणतात. ताटली तरी धरू दे.”

“निघेल त्या क्रमाने ठेवीन. फिरवू नकोस.”

“बेचाळीस वर्षं तुझी ताटली मीच धरतेय. फिरवली कधी?”

आधी केबिन निघाली. मग बॅटरीचा डबा, दोन्ही मोटरी, आडवी चौकट. वेंडेल तुकडे ओळीत ठेवत होता, डावे डावीकडे, उजवे उजवीकडे. उजव्या हाताची तर्जनी संधिवाताने पूर्ण वाकत नाही. खुंटी काढायची म्हणजे अंगठ्याच्या नखाने. तिसऱ्या खुंटीला नखाखालून रक्त आलं. त्याने ते विजारीला पुसलं. तुकड्याला लागू दिलं नाही.

कोर्नेल हातात सँडविच घेऊन आला. “काका, जेवायच्या वेळी इंजिन बाहेर? तेही जेवणार का?” मग त्याची नजर फळ्यावर गेली आणि सँडविच तसंच राहिलं. “काय केलंत हे?”

“बाजूला हो. उजेड अडवतोस.”

कोर्नेलने फोनचा दिवा लावला आणि वरून धरला. “हे चालेल ना, बाई?” तो ओरडला.

“दिव्याला बोटं नसतात,” एतेल्काबाई म्हणाल्या. “धर.”

एक त्रेचाळीसला दांडी बाहेर सरकली आणि तिच्यासोबत बुश. वेंडेलने तो बोटांत धरला. मोजला नाही, खिशात टाकला. काड्यापेटीतला बुश दांडीवर चढवला, चाक फिरवून पाहिलं. गच्च नाही, सैलही नाही. इथे त्याला एकदम कळलं. भिंत सरकवल्यावर पूर्ण बुशच लागत होता. कानस मारलेला आत अर्धा मिलिमीटर सैल होता, जोर आला की चाक सरकायचं, दात सुटायचा. म्हणून ‘टक्’. ज्या तुकड्याने तो अडकला होता, त्याचा ट्रकला फायदाच नव्हता. उलट तो ट्रकला मारत होता.

त्याला शिवी द्यावीशी वाटली. वेळ नव्हता.

उलटी जोडणी. ताटलीतली शेवटची ओळ आधी. दांडी, चाक, सरकणारी कडी, भिंत. त्याने कोपर टेबलावर टेकवून फक्त मनगटं हलवली. चौकट बसली. मोटरी बसल्या. एक चोपन्न. बॅटरीचा डबा, तारा. एक छप्पन्न. केबिन हातात घेतली आणि ताटलीकडे पाहिलं.

ताटलीत एक काळी खुंटी उरली होती.

“चला काका, रेषेवर!” कोर्नेल म्हणाला. “एका खुंटीने काय होतंय?”

वेंडेलने केबिन खाली ठेवली. उरलेला तुकडा असताना झाकण लावायचं नसतं. पण खुंटी कुठली? अशा साठ खुंट्या आत होत्या. त्याने चौकट उलटी केली, सुलटी केली. घाम डोळ्यांत उतरला. काही दिसेना.

“तिसरी ओळ,” पिरोश्का म्हणाली. ती ताटलीकडे पाहत होती, ट्रककडे नाही. “डावीकडची शेवटची. तिच्यानंतर तू ते लांब, भोकांचं काढलंस, आणि नख फुटलं.”

डावी तुळई. वेंडेलने मोटरीखाली बोट घातलं. भोक रिकामं होतं. मोटर अर्धी उचलली, खुंटी ढकलली. ती बसल्याचा आवाज त्याने ऐकला. मग केबिन.

घंटेची दोरी एतेल्काबाईंच्या हातात होती तेव्हा ट्रकची पुढची चाकं रेषेला टेकली.

तिसरा मार्ग म्हणजे चढ. फळीवर चिकटवलेली खडी, मध्ये दोन वळणं, माथ्यावर आडवा ओंडका. सकाळपासून सराव करताना तो ओंडका कुणाच्याच ट्रकने ओलांडला नव्हता. वेळ सहा मिनिटं. हात लावला की पाच गुण कमी.

वेंडेलने खालची गती टाकली. ट्रक निघाला, सावकाश, रटाळ. पहिल्या वळणावर मागचं डावं चाक हवेत उचललं गेलं, बाकी पाचांनी ओढलं. दुसऱ्या वळणावर खडी सुटली, ट्रक वीतभर घसरला. कुणीतरी “हाय!” केलं. वेंडेलने चाकं सरळ केली, थांबला, पुन्हा निघाला. तो पाहत नव्हता, ऐकत होता. पोटात फक्त मोटरीची घरघर.

ओंडका. पुढची चाकं चढली. मधली टेकली आणि तिथेच फिरत राहिली. साडेपाच मिनिटं. सगळा जोर आता त्या एका नखाएवढ्या चकतीवर होता. वेंडेलच्या अंगठ्याने रिमोटचा दांडा तसाच दाबून धरला. त्याने जोर वाढवला नाही, कमीही केला नाही. मधल्या एका चाकाने साल धरली. ट्रक वर उठला, क्षणभर पोटावर तोलला आणि पलीकडे उतरला. शेवटचे झेंडे पार.

‘टक्’ झालं नाही.

एतेल्काबाईंनी शंभर लिहिले. त्या दिवशी कुणालाही पडलेले पहिले शंभर. एकूणही शंभर. एकवीस जणांत वेंडेल शेवटून तिसरा.

कोर्नेल ओंडक्यावर अडकला, एक्क्याऐंशी गुण घेऊन उतरला आणि जिंकला. दुसरा आला शोप्रोनचा एक दाताचा डॉक्टर. ट्रक उघडायचा मान त्याचा होता. तो बाह्या सरसावत होता, तोच कोर्नेल म्हणाला, “डॉक्टर, राग मानू नका. हा वेंडेलकाकांना उघडू दे.”

“माझा नंबर दुसरा नाही, एकोणिसावा आहे,” वेंडेल म्हणाला. “मी कशाला?”

“तुम्ही चोख म्हणालात तर रात्री मला झोप लागेल, म्हणून.”

डॉक्टर बाजूला सरला. एतेल्काबाईंनी चोपडं उघडलं नाही. वेंडेल बसला. पाऊण तास लागला. प्रत्येक दांडी त्याने उजेडात धरली, प्रत्येक बुश व्हर्नियरवर घातला. लोक कंटाळून सोडा प्यायला गेले आणि परत आले. कोर्नेल नखं खात उभा राहिला.

“पुढच्या अ‍ॅक्सलचा हा बुश उलटा घातलायस,” वेंडेल शेवटी म्हणाला. “म्हणून ओंडक्यावर अडकलास.”

“आणि बाकी?”

“बाकी चोख.”

टाळ्या पडल्या. काचेत कोर्नेलचं नाव जाणार. वेंडेलने ते पाटीवर एकदा मनात वाचून घेतलं, म्हणजे पुढे यंत्रभवनात गेल्यावर दचकायला नको.

पिरोश्काने रुमाल सोडला. पोगाचा गार झाले होते. त्याने एक खाल्ला, मग दुसरा. मग खिशातून बुश काढला, अवजारांच्या पेटीतली पक्कड घेतली आणि टेबलाच्या कडेवर धरून तो मोडला. दोन तुकडे झाले. ते दोन्ही त्याने तळहातावर घेतले, नीट पाहिले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले.

“हे फेब्रुवारीतच करायचं होतं,” तो म्हणाला.

“मी सूप गार होतंय म्हणाले होते ना तेव्हा.”

“सूप नंतर. आधी मोडायचं.”

“पुढच्या वर्षी तू मोडेपर्यंत थांबेन,” पिरोश्का म्हणाली आणि टोपली आवरायला लागली.