टाचणीने पुसलेली अक्षरं

सरांनी छातीवरच्या ‘परीक्षक’ लिहिलेल्या फितीची टाचणी काढली, माझ्या नातीच्या हातातला कॅल्क्युलेटर घेऊन उलटा केला आणि त्याच्या पाठीवरच्या बारीक भोकात ती टाचणी खुपसली. काचेवरचं सगळं गेलं. मग इंग्रजीत एक ओळ आली आणि एक काळा चौकोन लुकलुकायला लागला. यंत्र तिच्यापुढे सरकवून सर म्हणाले, “तू लिहिलंस म्हणतेस ना? मग आता माझ्यासमोर परत लिही.”

तिथे उभ्या असलेल्या दोन-चार पोरांना हसू आलं. नात हसली नाही, रडलीही नाही. तिने ते भोक बोटाने झाकलं, जसं काही अजून आत काही शिल्लक होतं.

हे हिंगोलीच्या एका कॉलेजात झालं, तिथल्या प्रदर्शनात. नात त्याच कॉलेजात गणित शिकते. मुलगा येणार होता, पण घरी हळद शिजवायचं काम चालू होतं, म्हणून सून आणि मी शिरड शहापूरहून बसने गेलो होतो. नातीने सांगितलं होतं, तुम्ही नुसतं बघा, काही बोलू नका.

तो कॅल्क्युलेटर साधा नाही. दुकानदाराकडे असतो त्याच्यापेक्षा मोठा, आणि गणित दिलं की त्याची रेघ काढून दाखवतो. माझा भाचा पुण्याला कंपनीत आहे. तिथला एक परदेशी साहेब जाताना तो टाकून गेला, भाच्याने आणून नातीला दिला. दुसरी एखादी मुलगी गणितं करून गप्प बसली असती. हिला तेवढ्यावर भागेना. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकली आणि कॉलेजात एकदम इंग्रजी. ती म्हणायची, गणित येतं, पण गणिताची नावंच ओळखीची नाहीत. म्हणून तिने ठरवलं, या यंत्राने मराठीत बोललं पाहिजे. त्यात मराठी अक्षरं नव्हतीच. ती एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी बनवायला बसली.

त्या कामात मी होते. माझी शाळा चौथीपर्यंत. ती यंत्र माझ्यापुढे धरायची आणि म्हणायची, “आजी, वाच. तुला वाचता आलं तर कुनालाबी येईल.” सुरुवातीला ‘क’ बघून मला माशी वाटली. वेलांटी ओळीच्या वर जाऊन तुटायची. ‘क्ष’ने तर तिला रडकुंडीला आणलं. मी स्पष्ट सांगायचे, हे अक्षर नाही, घाण आहे. ती पुसायची आणि परत करायची. शेवटी रेघ निघाली की तिच्या बाजूला ‘उतार’ असं यायचं, दोन रेघा एकमेकींना कापायच्या तिथे ‘छेदबिंदू’ यायचं. छेदबिंदू मला माहीत नव्हता. तिने बोट ठेवून दाखवला. आमच्या शेतात पाण्याची चारी गाडीवाटेला कापते तसं. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

आता कुणी म्हणेल, एवढं केलं तर त्याची नक्कल का ठेवली नाही. ठेवणार होती. कॉम्प्युटरला जोडायची वायर गावातल्याच, पुण्याला शिकणाऱ्या एका मुलाकडे होती आणि तो सुट्टीत आला होता. पण तेव्हा नेमकी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडे विळा, कुऱ्हाड, नटबोल्टचे पाने, मोटारीचा स्टार्टर, सगळं पूजेला मांडतात. माझ्या मुलाने कौतुकाने कॅल्क्युलेटरही त्यात ठेवला, हळदीकुंकू वाहिलं. तिचं हत्यार तेच, म्हणाला. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत उचलायचं नाही. वायरवाला पोरगा दसऱ्याच्या दुपारीच पुण्याला निघाला. मी मुलाला म्हटलं, घे उचलून, यंत्राला काय समजतं. तो म्हणाला, “न्हाई माय, वर्षाचा सण हाय.” संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाली, यंत्र हातात आलं, वायर गेलेली होती. दिवाळीला तो पोरगा आलाच नाही.

तेच कुंकू बटणांच्या फटीत राहिलं होतं. सरांना आधी तेच दिसलं. म्हणाले, “हे नवसाचं दिसतंय.” मग नातीने दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, हे बाहेरून कुणी तरी करून दिलेलं आहे. तिने एकेक बटण दाबून सांगायला सुरुवात केली. त्यांनी तिचं अर्धंही ऐकलं नाही. टाचणी काढली.

नातीने बोलू नका सांगितलं होतं, तरी मी बोलले. “सर, तुमी पुसलं ते तुमचं नव्हतं.”

“मावशी, ही परीक्षा घ्यायची पद्धत आहे. तुम्हाला नाही कळायचं.”

“मला न्हाई कळत, तर तिला इचारायचं व्हतं. टाचणी घालायच्या आधी.”

ते पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे कुणी तरी थर्माकोलचं धरण केलं होतं, त्याच्याकडे मात्र बराच वेळ थांबले. टाचणी त्यांनी पुन्हा फितीला लावली, हे मी पाहिलं.

सून म्हणाली, चला घरी. नात हलली नाही. तिने खुर्ची ओढली आणि लिहायला लागली. दुपार गेली. बक्षिसं वाटून झाली, माइक बंद झाला, मांडववाले खुर्च्या एकावर एक रचायला लागले. तिची खुर्ची राहिली म्हणून त्यांच्यातला एक जण ताटकळत उभा होता. तेव्हा तिने यंत्र माझ्यापुढे धरलं. एक वाकडी रेघ आणि बाजूला ‘उतार’. मी वाचलं. सर कधीच निघून गेले होते. त्यांनी लिहायला सांगितलं होतं, बघायला थांबले नाहीत.

नंतर कॉलेजातल्या एका बाईंनी तिला सांगितलं की सर तुझी पारखच करत होते, मनाला लावून घेऊ नकोस. पारख करणारा निकाल लागेपर्यंत थांबतो. मला यात पारख दिसत नाही. गावातली मुलगी, हळदीचे हात असलेली आजी बरोबर, यंत्राला कुंकू, एवढं बघून त्या माणसाने ठरवून टाकलं होतं. उलट हिनेच पुरावा द्यायचा, आणि पुरावा त्यांनीच पुसायचा.

बाकीचं तिने उन्हाळ्यात परत लिहिलं. ‘क्ष’ पहिल्यासारखा जमला नाही म्हणते. मला वाचता येतो. नक्कल आता दोन ठिकाणी आहे. वायर तिने स्वतःची घेतली आणि या खंडेनवमीला यंत्र पूजेला द्यायचं नाही असं बापाला तोंडावर सांगितलं. तो चिडला. मी तिच्या बाजूने बोलले.

त्या दिवशी ‘उतार’ परत उमटला तेव्हा त्या टेबलापाशी आम्ही तिघी होतो. माझी नात, तिची आई आणि मी.