दिगूचे कान

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. एरवी तिच्यापासून माझं काही लपत नाही. लपवायला जातो आणि जेवायच्या आत पकडला जातो. पण ही एक गोष्ट राहिली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल असं वाटतंय. बघू. सुरुवात तर करतो.

आधी दिगूबद्दल सांगू की मशीनबद्दल? दोघं वेगळे नव्हतेच म्हणा.

दिगू आणि मी भांडुपच्या एकाच चाळीतले. दोघांचे वडील गिरणीत होते, दोघांची गावं मालवणकडची, दोघांनी एकाच शाळेत मार खाल्लेला. मोठे झाल्यावर आमची बेंजो पार्टी होती. हळदी, साखरपुडे, गणपतीच्या मिरवणुका. ज्यांनी बेंजो पाहिला नसेल त्यांना सांगतो — लांबट पेटीवर तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या. नुसता वाजवला तर पलीकडच्या खोलीत ऐकू जाणार नाही. त्याला गल्लीभर पोचवतं ते मशीन. अॅम्प्लिफायरला आमच्यात सगळे मशीनच म्हणतात.

आणि आमच्याकडे रीत अशी की ज्याचं मशीन, त्याच्या नावाने पार्टी. बेंजो कितीही चांगला वाजवा, ढोलकीवाला कितीही गुणी असो, बॅनरवर नाव मशीनवाल्याचं. आमच्या बॅनरवर दिगूचं नाव होतं. मशीन त्याच्या वडिलांनी घेतलेलं, जुनं, काचेच्या वॉल्वचं. चालू केलं की आधी तापू द्यावं लागायचं. जिन्यावरून खाली आणताना दोन माणसं लागायची, आणि त्यातला एक नेहमी मी. शिव्या घालत उतरवायचो. पण सूर लागला की शिव्या विसरायचो, हेही खरं.

मी पार्टीत कीबोर्ड वाजवायचो. बरा वाजवायचो. दिगू मात्र — आता लपवायचं ठरवलं नाहीये तर लिहूनच टाकतो — दिगू माझ्यापेक्षा खूप चांगला होता. लोक सुपारी द्यायला यायचे ते विचारत यायचे, “दिगू वाजवणार ना?” मी दारात उभा असायचो. माझ्याकडे बघून विचारायचे. मी हो म्हणायचो, आणि आत कुठेतरी माझं टाळकं फिरायचं. कधी बोललो नाही. त्याच्याशी हसून खेळून राहिलो. मत्सराचा अंगाला वास येत नाही ना, त्यामुळे कुणाला कळत नाही.

मग मी नवं मशीन आणलं. ट्रान्झिस्टरचं, हलकं, एका हातात उचलता येईल असं, पुढे शंभर वॉट छापलेलं. दिगूच्या मशीनवर तीस. पार्टीतली पोरं खूश झाली. जिन्यावरची कसरत संपली म्हणून खूश, आणि शंभर म्हणजे तीसच्या तिप्पट आवाज, असं त्यांना वाटलं म्हणून जास्तच खूश. बाजारातले सगळे असंच मानतात. मी मानत नव्हतो. मी तेव्हा घाटकोपरला टीव्ही आणि मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो, मला या गोष्टी ठाऊक होत्या. वॉट तिप्पट झाले तरी कानाला आवाज थोडासाच मोठा लागतो. शिवाय ट्रान्झिस्टर मर्यादेपर्यंत नेला की करकरीत फाटतो, मग मागे यावं लागतं. वॉल्व तिथे हळूहळू वाकतो, गोड होतो, आणि तुम्ही त्याला अजून थोडं पुढे ढकलू शकता. म्हणून वॉल्वचे तीस ट्रान्झिस्टरच्या शंभराला सहज भारी पडू शकतात. हे मी पोरांना सांगितलं का? नाही सांगितलं. दिगू त्यांना तेच सांगत होता, आणि पोरं त्याला हसत होती, आणि मी गप्प बसलो होतो. सुरुवात तिथूनच झाली बहुतेक.

माहुलच्या कोळीवाड्यातली मोठी हळद आली होती. यजमानांचं म्हणणं एकच — आवाज पार बंदरापर्यंत गेला पाहिजे. कुठलं मशीन न्यायचं? अनंतकाका आमचे ढोलकीवाले, वयाने सगळ्यांत मोठे, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. ते म्हणाले, भांडता कशाला, कान ठरवतील. चाळीच्या गणपती मंडळाच्या शेडसमोर मोकळी जागा होती. तिथे दोन स्पीकरचे बॉक्स शेजारी शेजारी उभे करायचे. दोन्ही मशीनं आळीपाळीने त्याच बॉक्सना जोडायची. आवाज फाटेपर्यंत वाढवायचा आणि मग जरा मागे घ्यायचा. ऐकणाऱ्यांनी लांब, कुंपणापाशी, पाठ करून उभं राहायचं. कुठलं मशीन चालू आहे ते कुणी बघायचं नाही. पहिलं मोठं की दुसरं, तेवढं सांगायचं.

आणि वायरी जोडायचं काम? वायरींचं काम नेहमीच माझं. दुकानात काम करणारा मीच ना.

इथे मी थांबलो होतो. चहा करून प्यायलो आणि परत बसलोय.

स्पीकरच्या बॉक्सला दोन वायरी असतात, प्लस आणि मायनस. दोन बॉक्स असतील आणि त्यातल्या एकाच्याच वायरी उलट्या लावल्या, तर एक बॉक्स हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोघं एकमेकांचा आवाज खातात. जवळ बसून वाजवणाऱ्याला फारसं कळत नाही. लांब, बरोबर मधोमध उभ्या असलेल्या माणसाला मात्र आवाज दबलेला लागतो, आतून पोखरलेला. बिघडत काही नाही. वायर सरळ केली की सगळं जिथल्या तिथे.

दिगूच्या मशीनच्या वेळी मी एका बॉक्सच्या वायरी उलट्या लावल्या.

चुकून नाही. म्हणावंसं वाटतं की चुकून, घाईत, संध्याकाळच्या उजेडात. पण खोटं आहे ते. आदल्या दिवशी दुकानात मालक जेवायला गेला असताना मी दोन स्पीकर मांडून हे करून बघितलं होतं. किती दबतो, कुठे उभं राहिलं की जास्त दबतो, सगळं. कुंपणापाशी मधोमध उभे राहा, असंही मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

बेंजो त्या दिवशी संजू वाजवत होता, आमच्यातला दुसरा बेंजोवाला. कारण दिगू म्हणाला, मलाही ऐकायचंय, मी पण पाठ करतो. हे माझ्या डोक्यात नव्हतं. मला वाटलं होतं तो वाजवायला बसेल आणि हरल्यावर कुरकुरेल, इतरांना दोष देईल. पण तो चप्पल काढून कुंपणापाशी जाऊन उभा राहिला, डोळे मिटून. मला त्याची पाठ दिसत होती.

पहिलं माझं मशीन वाजलं. मग वायरी बदलल्या. मग त्याचं वाजलं. अनंतकाकांनी विचारलं, बोला, कुठलं मोठं? पोरं म्हणाली पहिलं. काका म्हणाले पहिलं. आणि दिगूही म्हणाला, “पहिलंच मोठं. सरळच आहे की.”

त्याने स्वतःच्या विरुद्ध कौल दिला. प्रामाणिकपणे, जसं ऐकू आलं तसा. मी ओरडून सांगितलं, पहिलं माझं होतं. तो वळला. त्याचा चेहरा मी सांगू शकत नाही. म्हणजे आठवतो, पण सांगू शकत नाही. तो चालत माझ्याजवळ आला, बॉक्सकडे बघत राहिला, आणि म्हणाला, “उम्या, वायरी बघ ना यार एकदा. आवाज पोकळ लागतोय. पोटातच काय नाय त्याच्या.”

कळतंय का तुम्हाला? त्याला बरोबर ऐकू आलं होतं. काय बिघडलंय तेही त्याला ऐकू आलं होतं. वायरींकडे बोटसुद्धा केलं होतं त्याने. सगळ्यांमध्ये त्या एकाचेच कान जागे होते.

आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, “वायरी बघितल्या मी. तू आता तुझे कान बघून घे.”

पोरं हसली. दिगूही हसला थोडा. उलट्या वायरीपेक्षा हे वाक्य मला जास्त छळतं. वायर एका संध्याकाळपुरती होती. मी मान खाली घालून दोन्ही बॉक्स मशीनपासून सोडवले आणि केबल गुंडाळली.

माहुलच्या हळदीला माझं मशीन गेलं. बॅनर बदलला. माझं नाव आलं. आता लोक मला विचारायचे, उमेशभाऊ, अमुक तारखेला मोकळे आहात का? मला आवडलं ते. पहिले काही महिने खूप आवडलं. हे न लिहिता पुढे गेलो तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

दिगू माझ्या मशीनवर वाजवू लागला आणि वाजवताना सारखा विचारू लागला, मी मोठा होतोय का रे? कमी आहे का? सूर बरोबर आहे ना? आधी तो कधी कुणाला विचारायचा नाही. तारा लावून झाल्यावर पुन्हा लावायचा, मग संजूला लावायला द्यायचा. भर मिरवणुकीत मध्येच थांबायचा. अनंतकाका एकदा चिडले, “अरे वाजव ना, काय चाचपडतोयस आंधळ्यासारखा?” त्या दिवसानंतर तो विचारायचा थांबला, आणि वाजवणंही हळूहळू कमी केलं त्याने.

मग एक दिवस मला म्हणाला, मुलुंडला कान तपासून देतात, येशील का माझ्याबरोबर? एकट्याला भीती वाटते म्हणाला. मी गेलो. काचेच्या खोलीत त्याला बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी बाहेर बाकावर. तो बाहेर आला तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले? “कान ठणठणीत आहेत म्हणे.” मला एवढं हलकं वाटलं की सांगता सोय नाही. वाटलं, सुटलो! मी न बोलताच मिटलं. तेवढ्यात तो म्हणाला, “पण तसल्या टूं टूं आवाजावर काय ठरतं? त्या दिवशी मला माझंच मशीन ओळखता आलं नाय रे. बापाचं मशीन.”

तिथे सांगता आलं असतं. बाकावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, चल, चहा घेऊ.

नंतर त्याने बेंजो सोडला. मशीन भंगारात दिलं. जिन्यावरून खाली आणायला मला हाक मारली, आणि मी गेलो, त्याच्याबरोबर उचलून ते खाली आणलं. त्याची आई दारात बसली होती. हाताने पदर सारखा करत मला म्हणाली, “तू तरी सांग मरे तेका. बेंजोक हात लावणा नाय तो. तुझा ऐकता.” खरंच ऐकायचा तो माझं. मी म्हटलं, सांगतो काकी. काकी आता नाहीत.

पुढे डीजे आले, आमची पार्टीही मोडली, माझं शंभर वॉटचं मशीनही कुठे गेलं देव जाणे. दिगू एका कुरिअरच्या ऑफिसात लागला. आमची दोस्ती तुटली नाही. तुटली असती तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं. सणाला घरी येतो. माझ्या बायकोला वहिनी म्हणतो आणि तिच्या हातच्या घावण्यांसाठी भांडतो. नवा फोन घ्यायचा असला, टीव्ही घ्यायचा असला की मला बरोबर नेतो. दुकानदाराला सांगतो, याला ऐकवा, याचे कान एक नंबर आहेत.

गेल्या थंडीत माझ्या पुतणीची हळद होती, भांडुपलाच. हौसेने बेंजोवाले बोलावले होते. दिगू माझ्या बाजूला खुर्चीवर बसला होता. वाजवणं सुरू झालं आणि दोन ओळींतच त्याचं कपाळ आक्रसलं. बेंजोची एक तार उतरली होती. किंचितच. मांडवातल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. त्याचं कपाळ बघून मी कान देऊन ऐकलं तेव्हा मला कळलं. तो बरोबर होता.

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काही दिसतंय का ते शोधत होता. मी नुसती मान हलवायची होती. तार उतरलीय, एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण ते बोललो असतो तर तो म्हणाला असता, मला पण तसंच वाटलं, आणि मग? मग बाकीचं सगळं बोलावं लागलं असतं. मी समोर बघत ताल धरून राहिलो.

दिगूचं कपाळ हळूहळू सैल झालं. आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं त्याने मनाशी धरलं. मग माझ्याकडे बघून हसला, आणि त्या बेसूर गाण्यावर माझ्याबरोबर टाळ्या वाजवू लागला.