चर्चच्या हॉलातला चहा

माझ्या मुलीने नारळ-गुळाच्या दोदोलाच्या एका वडीला हात लावला. टीचरने सगळी बशी उचलली, मागच्या दारात आणली आणि कुत्र्यांपुढे उपडी केली. मुलीकडे पाहिलंही नाही. सात वर्षांची पोर. हात तसाच पुढे धरून उभी.

पेडण्यातल्या आमच्या गावात चर्चच्या बायकांचं चहापान होतं. शिवणवर्गासाठी पैसे जमवायचे होते. टेबलांवर क्रोशाचे रुमाल, भरतकाम, गोड पदार्थ. टीचर त्या बायकांची पुढारीण. ती स्वतः माझ्या दारात आली होती. म्हणाली, "तुजीं सुपां घेवन यो. थंय बसून विणून दाखय. पावण्यांक बरें दिसतलें."

मी हुरळले. आम्ही महार. बांबूचं काम पिढ्यान्‌पिढ्यांचं. गावच्या देवळात आम्ही कुठवर यायचं ते ठरलेलं. वाटलं, इथला देव वेगळा आहे. इथे तसं नसेल. आणि गरज होती. प्लास्टिक आल्यापासून सुपं कोण घेतो? नवरा डिचोलीच्या खाणीवर राबून छातीत धूळ भरून घरी आलेला. दिवसभर खोकायचा. पोर मोठी झाली की त्या शिवणवर्गात बसेल, एवढंच माझ्या डोक्यात. तिला धुतलेला झगा घातला आणि गेले.

बाकीच्यांना टेबलं. मला जमीन, दाराजवळ. बसले. विणत राहिले. पाहुण्या लांबून बघत. टीचर त्यांना सांगायची, "गरिबांक आमी हातभार लायतांव." माझं नाव तिने घेतलं नाही.

मग भाटकारीण आली. आमच्याच गावची, हिंदू. आमचं खोपटं तिच्या जमिनीत. चहाचा कप उचलला, मला पाहिलं, कप परत ठेवला. टीचरला म्हणाली, "ही ह्याच कपांनी पितली?"

एवढंच. एकीच्या गळ्यात क्रूस, एकीच्या मंगळसूत्र. कपावर दोघींचं जमलं. टीचर माझ्याजवळ वाकली. "वायट मानून घेवं नाका. तू मागल्या दाराकडेन बस."

मागच्या दारी मला करवंटीतून चहा दिला. नारळाची करवंटी. माझी सासू भाटकाराच्या अंगणात अशीच प्यायची. मी तोही प्याले असते. खोटं कशाला बोलू? पण तेवढ्यात पोर आत गेली आणि ती बशी कुत्र्यांपुढे गेली.

पोर रडली नाही. मला विचारलं, "आये, माझो हात घाण आसा?"

मी करवंटी ओतून टाकली. तिचा तोच हात धरला आणि पुढच्या दाराने आत शिरले. मधल्या टेबलाशी खुर्ची होती. बसले. पोरीला मांडीवर घेतलं. किटलीतला चहा कपात ओतला. मी प्याले. मग तिला पाजला. भाटकारीण उठून गेली, तिच्यामागे बऱ्याच बाया. टीचर रडली. आमच्यासाठी नाही. चहापान मोडलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी भाटकाराचा माणूस आला. भाटकारणीच्या पाया पड, नाहीतर खोपटं मोडतो. नवरा खोकत म्हणाला, "माग गे माफी. ह्या दुखण्यात मी खय जावं?" त्याचं खोटं नव्हतं. घरात तांदूळ नव्हता. मी म्हटलं, "मी मागूचंय नाय."

खोपटं मोडलं. डिचोलीजवळच्या मुळगावात नणंदेच्या पडवीत आलो. त्याच पावसाळ्यात नवरा गेला. लोक म्हणाले, एका कपापायी नवऱ्याला मारलंन. त्याला खाणीच्या धुळीने मारलं, हे मला माहीत आहे. तरी ते बोलणं उरात रुतून बसलंय.

भाटकारणीचा निरोप अजून येतो. पाया पड, जागा परत देते. ती देणारी कोण? आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या माती टाकून ती जागा उंच केली. आमच्यासारख्या, भाटकाराच्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकारांना राहती जागा नावावर करून मिळायचा कायदा झालाय म्हणतात. सोमवारी मी पेडण्याला मामलेदाराच्या कचेरीत जाणार आहे. सोबत कुणी येत नाही. पोरीला नेणार. तिथे मला उभं ठेवतील, हाकलतील, उद्या ये म्हणतील. मी उद्या जाईन. परवाही जाईन. जागा मागायला नाही. घ्यायला.