पाळण्याच्या कडीसाठी जागा

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, म्हणून मी 'हे' म्हणेन. लोक त्यांना तय्यबभाई म्हणतात. इथे ओमानात, बरक्याच्या मासळीबाजारात बर्फाची गाडी घेऊन येतात ना, तेच. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड आहे. मोडलेली वस्तू मोडली हे मान्यच करायचं नाही! गाडीचा दरवाजा दोरीने बांधलेला, चष्म्याची काडी टेपने चिकटवलेली. काही बोलावं तर उत्तर ठरलेलं, "खुदेजा, चालतंय अजून!"

आमच्या स्लॅबचंही तेच केलं. आमची मुलगी सादिया रांगत होती तेव्हापासून आम्ही या घरात भाड्याने राहत होतो. पुढे अंगण, अंगणात लिंबाचं झाड. दोन वर्षांपूर्वी आतल्या खोलीच्या छताला ओल आली. पाऊस नाही, ढग नाही, ऐन जूनच्या उन्हात ओल! वर गच्चीवरची पाण्याची टाकी कोण जाणे कधीपासून पाझरत होती. ह्यांनी टाकीची गळती बुजवली, गच्चीला डांबर फासलं आणि खालून पांढरा रंग मारला. रंगातून काही महिन्यांतच तांबूस रेघा उतरल्या. सरळ, एकीशेजारी एक, आत सळ्या टाकल्या असतील तशा. मग पोपडे निघायला लागले, सकाळी उशीवर वाळू सापडायला लागली. मी म्हणायची, "अहो, मालकाला सांगा." हे पुन्हा रंगाचा डबा उघडायचे. रोग रेड्याला नि औषध पखालीला!

ह्यांची भीती मला ठाऊक होती. शेजारच्या घराचा स्लॅब खराब झाला, तेव्हा त्याच्या मालकाने भाडेकरूला काढून घरच पाडलं. आमच्यावर तीच पाळी आली तर? म्हणून झाकली मूठ. आमचा मालक, आम्ही त्याला अर्बाब म्हणतो, भेटायला आला की हे त्याला लिंबाखालीच बसवायचे. खजूर पुढे, कहवा पुढे, पण घरात काही घ्यायचे नाहीत. मला राग यायचा, पण घर मलाही प्यारं होतं.

मग सादियाला दिवस गेले. ती मस्कतला, अल् घुब्रात असते, नवऱ्याबरोबर फ्लॅटमध्ये. पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. बाळाचा चाळीसावा दिवस होईपर्यंत मायलेकरं आमच्याकडे राहणार, आणि एसीची खोली घरात एकच. तीच, वाळू पडणारी.

ह्यांना तर काय करू नि काय नको झालं. माळ्यावरून सादियाचा पाळणा काढला, पुसला, तेल लावून चकचकीत केला. त्याची छताची कडी गंजली म्हणून कधीच कापून टाकली होती. नवी आणली. पाळणा खाली मांडला, शिडी लावली.

"आधी ठोकून बघा," मी म्हटलं.

"बघतोय ना!"

हातोडीने हळूच ठोकलं. आवाज पोकळ. शिडी सरकवली, खिडकीपाशी ठोकलं. तिथेही पोकळ. दारापाशी, कपाटावर, सगळीकडे तेच. मी शिडी धरून उभी. ह्यांचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी मधोमध जरा जोरात हातोडी मारली, आणि थाळीएवढा तुकडा सुटून बरोबर पाळण्यात पडला.

या अल्ला! हे वरच थांबले. उघड्या पडलेल्या सळईला त्यांनी हात लावला, तर तिचा तांबडा गंजका भुगा बोटांना लागला.

ह्यांच्या वडिलांचं गावी कौलारू घर होतं. ते म्हणायचे, कौल फुटलं तर कौल बदला, वासा कुजला तर छप्पर उतरवा. हे खाली आले, लाल झालेली बोटं माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "खुदेजा, वासाच कुजलाय गं." मग स्वतःच अर्बाबला फोन लावला.

म्हातारा संध्याकाळी आला. कित्येक वर्षांनी त्या खोलीत पाऊल टाकलं त्याने. वर पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाला, "तय्यब, दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर नुसता स्लॅब बदलला असता. आता भिंतीही चिरल्यात. खलास. पाडावं लागेल."

ज्या भीतीने लपवलं, तेच लपवल्यामुळे झालं. 'मी सांगत नव्हते?' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ह्यांच्याकडे बघितलं आणि गिळलं. रात्री मात्र पोटभर रडले.

आता बाजाराच्या मागे दोन खोल्यांत आलोय. अंगण नाही, लिंबू नाही. सामान दारातच पडलेलं, आणि ह्यांना आधी शिडी हवी! खोलीभर ठोकून पाहिलं. आवाज टणक. कडी घट्ट बसवली. मी पाळणा उचलून द्यायला गेले, तर ह्यांनी दोन्ही हातांनी कडी धरली आणि शिडीवरून पाय सोडले. साठीला आलेला माणूस लुंगी नेसून लोंबकळतोय!

"अहो, पडाल! उतरा," मी ओरडले. "चालतंय ना? मग झालं!"

"नुसतं चालतंय म्हणून सोडायला नको," हे दात आवळून म्हणाले. "अजून जरा लटकू दे."