एका दाढेला एक फोन

माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. वीस वर्षांत एक गोष्ट कळली, की मशीन बिघडलं तर गिऱ्हाइकाची चूक कधीच नसते. "मी काही केलं नाही हो, आपोआप झालं," हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानात शिरतच नाही. आणि दहातल्या आठ जणांची तक्रार एकच. सी ड्राइव्ह भरला, लाल पट्टी आली, घोडं अडलं. त्यावर माझं उत्तरही ठरलेलं: नको असेल ते काढा, कचऱ्याचा डबा रिकामा करा, मशीन बंद करून चालू करा. फोन ठेवला की मी मोकळा. उंटावरून शेळ्या हाकायची मला सवयच लागली होती.

ताईंनाही मी तेच सांगितलं.

ताई म्हणजे दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसतात त्या. सतरा वर्षं तीच खुर्ची, तीच पाठीमागची उशी. पेशंटला वेळ द्यायची, त्याचं नाव टाकायचं, आत डॉक्टरीणबाईंनी दाढेचा एक्स-रे घेतला की तो बाहेरच्या मशीनवर नीट साठला का ते बघायचं. आत ड्रिल सुरू झालं की बाहेर बसलेल्यांचे चेहरे पडायचे. अशा वेळी ताई मान वर न करता म्हणायच्या, "आवाजाला घाबरू नका, आवाज दुखत नाही." लोक हसायचे. मीही पहिल्यांदा हसलो होतो.

त्यांचे यजमान टेलर. पॅन्टची लांबी कमी करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं, असली कामं. दुपारी दीडला ते दुकानातून ताईंना फोन करायचे आणि दहा मिनिटं नुसत्या गिऱ्हाइकांच्या चहाड्या सांगायचे. ताईंच्या फोनमध्ये बोलणं आपोआप रेकॉर्ड व्हायचं. ते बंद कसं करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तो फोन भरला, तेव्हा मी दवाखान्यात जुना प्रिंटर काढायला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंना विचारून मी रेकॉर्ड झालेले चारशे बारा फोन वायरने दवाखान्याच्या मशीनवर उतरवून दिले. कोपऱ्यात एक फोल्डर केलं आणि ताईंनी स्वतः त्याला नाव दिलं, 'ह्यांचे फोन'.

मी गंमत केली. "ताई, नवऱ्याची बडबड ऐकू येऊ नये म्हणून लोक टीव्हीचा आवाज वाढवतात. तुम्ही जपून ठेवताय?"

"असू दे," ताई म्हणाल्या. "कधी भांडण झालं तर पुरावा."

त्यानंतर चार महिन्यांनी यजमानांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात गेला आणि बोलणं गेलं ते गेलंच. शब्द म्हणून एकच राहिला, "बरं". पाणी हवं असलं तरी बरं, राग आला तरी बरं. घरी नणंद असते, ती बघते. ती आजही दीडला फोन लावून त्यांच्या कानाला धरते. ते दोन-तीनदा बरं म्हणतात, ताई इकडून दोन गोष्टी सांगतात, मिनिटभरात फोन संपतो. मग ताई कानात हेडफोन घालायच्या, डबा उघडायच्या आणि त्या फोल्डरमधला एखादा जुना फोन ऐकत जेवायच्या. हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ऐकून वाईट वाटलं आणि मी विसरलो.

आठ महिन्यांपूर्वी ताईंचा पहिला फोन आला. लाल पट्टी आली होती, एक्स-रे साठत नव्हता, पेशंट आत खुर्चीत तोंड उघडून बसला होता.

"काय काढू दादा?"

"पेशंटच्या फाइलींना हात लावू नका, डॉक्टरीणबाई मला सोडायच्या नाहीत. तुमचं स्वतःचं काही असेल तर ते काढा. आणि कचऱ्याचा डबा रिकामा करा, नाहीतर जागा होत नाही."

"बरं," ताई म्हणाल्या.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी पुन्हा. "दादा, जागा केली की ती आपोआप भरते. पुसल्या पुसल्या एक्स-रे घेतला तर साठतो. जरा थांबलं की जागा गेलेली असते."

मी हसलो. खरंच हसलो. "ताई, जागा काय आपोआप भरते होय? उतू जायला दुधाचं पातेलं आहे का ते? तुमचंच काहीतरी राहिलं असेल. बघा, काढा." येऊन बघतो असंही म्हणालो होतो. दवाखाना माझ्या दुकानापासून चालत बारा मिनिटांवर आहे.

मागच्या मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाजात काही नव्हतं, रडू नव्हतं, घाईसुद्धा नव्हती.

"दादा, माझं सगळं संपलं. आता काय काढू?"

आणि मागून डॉक्टरीणबाई ओरडल्या, "त्यांना म्हणावं, आज आला नाहीत तर दुसरा माणूस बघते!" खरं सांगतो, मी उठलो तो त्या ओरडण्याने.

दहा मिनिटांत सापडलं. सी ड्राइव्हच्या पोटात एक फोल्डर, त्यात एकच फाइल. दोनशे आठ जीबीची. ती उघडता उघडेना. कशीबशी वरची पानं बघितली, तर एकाच वाक्याच्या ओळीच्या ओळी: प्रिंटर सापडला नाही, पुन्हा शोधत आहे. प्रिंटर सापडला नाही, पुन्हा शोधत आहे. सेकंदाला दोन-तीनदा, तीन वर्षं. तो प्रिंटर मीच उचलून भंगारात दिला होता. त्याचं सॉफ्टवेअर काढायचं मात्र राहिलं होतं. ते बिचारं रात्रंदिवस शोधत होतं आणि सापडला नाही, सापडला नाही, असं लिहून ठेवत होतं. ताई जेवढी जागा करायच्या तेवढी ते गिळायचं.

ते सॉफ्टवेअर काढलं, फाइल पुसली. लाल पट्टी निळी झाली. मी खुर्ची मागे सरकवून म्हणालो, "घ्या ताई! दोनशे आठ जीबी. आता तुम्ही निवृत्त होईपर्यंत बघायला नको."

मग मला कोपऱ्यातलं फोल्डर दिसलं. 'ह्यांचे फोन'. उघडलं तर रिकामं.

"ताई, हे दुसरीकडे ठेवलेत ना?"

"कुठे ठेवणार? पेन ड्राइव्ह चालत नाही, व्हायरस नको म्हणून तुम्हीच बंद केलंय. जुना फोन कधीच बंद पडला, आणि ह्या नव्या फोनला जोडायची वायर चालत नाही." त्या वहीत पुढच्या पेशंटचं नाव लिहीत होत्या. "एक फोन पुसला की एका दाढेचा एक्स-रे बसायचा. बरोब्बर. दुपारी दोन-दोन ऐकायचे, आणि एक्स-रेला जागा लागली की ते पुसायचे. न ऐकलेला एकही पुसला नाही. आज सकाळचा शेवटचा. त्या टोपीवाल्या आजोबांची अक्कलदाढ."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी चारशे बारा वेळा दिली होती. एकदाही तिथे न जाता.

मी पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर लावलं. दीड तास बसलो. नावं सापडली, तारखा सापडल्या, फाइली उघडल्या तर आत काही नाही. नवी वेगवान डिस्क टाका म्हणून डॉक्टरीणबाईंच्या मागे मीच लागलो होतो, आणि त्या डिस्कवर पुसलेलं सहसा मागे उरत नाही. मी ताईंना तसं सांगितलं. माफी मागितली.

"तुम्ही काय करणार," त्या म्हणाल्या. मग निळ्या पट्टीकडे बघत विचारलं, "एवढ्या जागेत किती फोन मावतील?"

मी मनात हिशेब केला आणि नको होतं ते बोलून गेलो. "चाळीस हजारांच्या वर."

"रोज एक म्हटलं तर?"

"शंभर वर्षं पुरून उरतील."

ताईंनी मान हलवली, जणू मी कुणा पेशंटला पुढची तारीख दिली होती.

दीड वाजला. त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो काउंटरवरच स्पीकरला लावला, हात कामात होते. पलीकडे नणंदेची खुडबुड, मग एक घोगरा आवाज. "बरं."

"आज गर्दी होती," ताई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई चिडल्या सकाळी. आता झालं नीट."

"बरं."

"औषध घेतलं ना?"

"बरं. बरं."

फोन संपला. मला काहीतरी करून द्यायचं होतं, काहीही. मी म्हणालो, "ताई, नव्या फोनमध्येही रेकॉर्डिंग लावून देतो. वायरही चालू करतो. हे आजपासूनचे फोन ठेवू या. जागा आहे आता."

ताईंनी हेडफोन उचलला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि खणात ठेवली.

"नको दादा," त्या म्हणाल्या. "सगळे सारखेच आहेत."

मग त्यांनी डबा उघडला आणि जेवायला बसल्या. मी सामान आवरून निघालो.